स्टेपलर मारलेली गोधडी

३ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही आधी खालची सही बघाल, त्यापेक्षा इथेच सांगून टाकतो. मी तुमच्या नातीच्या, म्हणजे ठकूच्या आईचा दुसरा नवरा. चष्म्याच्या दुकानातला. आपली भेट एकदाच झाली, आमच्या लग्नाच्या दिवशी. "दोघींना सांभाळा" म्हणालात आणि पाण्याचा पेलाही न घेता निघालात. आपला मुलगा गेल्यावर सुनेच्या दुसऱ्या लग्नाला यायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत होतं. पण बोलायची छाती झाली नाही.

आता मात्र काम काढूनच लिहितो आहे. मला गोधडी शिवायला शिकायचं आहे. अगदी पहिल्यापासून, कारण मला साधं बटणही लावता येत नाही. चष्म्याचे इवलेसे स्क्रू बसवणारा माणूस सुई हातात धरली की बावळट दिसतो, असं ठकूचं मत आहे. ती माझ्याविषयी जी मतं देते त्यातलं हे बरंच सौम्य.

ठकूची आई म्हणाली, गोधडी शिकायची तर आईंकडूनच. ती तुम्हाला अजून आईच म्हणते. मी काय म्हणावं ते ठरत नव्हतं. तुमचे शाळेतले विद्यार्थी बाई म्हणायचे असं कळलं, तर मलाही त्यांच्यातच धरा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. सुई कुठली घ्यायची इथपासून सांगाल का?

तुमचा नवा आणि बहुधा ढ विद्यार्थी,
चष्मेवाला

११ फेब्रुवारी

चष्मेवाले,

पत्र मिळालं. अक्षर बरं आहे. चाळिशीतल्या माणसाला एकाएकी गोधडीचा उमाळा का यावा, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी विचारतही नाही.

आधी फार मोठं काही हाती घेऊ नका. उघडलेल्या वहीएवढा चौकोन पुरे. तीन थर लागतात. वर जोडलेले तुकडे, मध्ये जुनी मऊ चादर, खाली अस्तर. तिन्ही थर सपाट पसरायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या आणि लांब लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांना धरून ठेवायचे. हे काम कंटाळवाणं असतं म्हणून नवशिके टाळतात, आणि मग गोधडीला मधोमध पोट सुटतं. कच्चे टाके झाले की पक्का धावदोरा. दोरा हातभरच घ्या. लांब घेतलात तर गुंता होईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर बोटाची चाळण होईल.

पहिला नियम वेगळा लिहिते. कापड कुठलंही असो, आधी धुवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची. नवं कापड आटतं आणि रंग सोडतं. जुन्यात घाम मुरलेला असतो, त्याला कसर लागते. उभा जन्म मी गणित शिकवलं, माझ्या वर्गात नियमाला अपवाद नसायचे.

एक सांगायचं राहिलं. ठकूला गोधडी आहे. ती मी शिवलेली आहे. दुसरी हवी असेल तर बाजारात चांगल्या रजया मिळतात.

बाई

२६ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

सोबत पहिला चौकोन पाठवतो आहे. कापड धुतलं, वाळवलं, मग कापलं. दोन दिवस पलंगावर बसून शिवला. टाके इतके बारीक घातले की भिंगाशिवाय दिसू नयेत. मोठ्या ऐटीत ठकूला दाखवायला उचलला, तर पलंगावरची चादरही बरोबर आली. मी चौकोन चादरीलाच शिवून टाकला होता. ठकूने नुसतं बघितलं, "उसवा" म्हणाली आणि निघून गेली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाई, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला लागली, आणि लागायलाच हवी होती. मी खरं सांगितलं नव्हतं. ठकूने शपथ घातली होती की आजीला कळू द्यायचं नाही. आज ती शपथ मोडतो.

तुम्ही शिवलेली गोधडी फाटली आहे. ठकूच्या आईने ती चांगल्या मनाने मशीनमध्ये धुवायला टाकली आणि मधला निळ्या चौकडीचा तुकडा फाटून बाहेर आला. तेव्हापासून ठकू आईला त्या गोधडीला हातही लावू देत नाही. मला तर नाहीच नाही. फाटलेल्या जागी तिने स्वतः स्टेपलर मारला आहे. आता पिना गंजायला लागल्या आहेत. सकाळी गालावर ओरखडे घेऊन उठते आणि विचारलं तर मांजर म्हणते. आमच्याकडे मांजर नाही. तुम्हाला सांगू या म्हटलं तर म्हणते, आजी रडेल.

मला नवी गोधडी शिवायची नाही. हीच सांधता यायला हवी, आणि त्याआधी माझा हात बसायला हवा. त्या गोधडीवर मला शिकायचं नाही. तुम्हीच याल का? तसं झालं तर फार बरं होईल.

चष्मेवाला

४ मार्च

चष्मेवाले,

दहापैकी चार. दोन टाक्यांना, दोन खरं सांगितल्याबद्दल.

चादरीचं वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. माझ्या पहिल्या गोधडीला मी उशीचा अभ्रा शिवला होता, आणि तो अभ्रा सासूबाईंचा होता. शिवताना खाली पुठ्ठा ठेवत जा. सुई खरखरली की समजायचं, थर संपले.

टाके फार बारीक आहेत. दोराही ओढून घेतलात, त्यामुळे चौकोन पापडासारखा कडक झाला आहे. गोधडी अंगावर घ्यायची असते, भिंतीला टेकवून ठेवायची नसते. टाका तांदळाएवढा असू दे आणि दोऱ्याला जरा श्वास घेऊ दे.

गोधडी फाटली म्हणून मी रडले नाही, असं ठकूला सांगा. थोडीच रडले, ते सांगू नका. तिच्या बाबाच्या लहानपणच्या कपड्यांची आहे ती. शाळेचा शर्ट, बदकांचा पायजमा, एक टोपी, आणि मधोमध निळी चौकडी. त्याला ती चौकडी फार आवडायची. मोठेपणीही तसलेच शर्ट घ्यायचा. तो गेला तेव्हा ठकू अजून धड बोलतही नव्हती. तिला बाबा म्हणून आठवण्यासारखं दुसरं फारसं काही नाही. म्हणून ती पिना मारून धरून बसली आहे. पोरीवर रागावू नका, आणि तिच्या आईलाही रागावू देऊ नका.

मी येणार नाही. गुडघा दुखतो, प्रवास झेपत नाही. दुसरा चौकोन पाठवा.

बाई

२९ मार्च

आदरणीय बाई,

दुसरा चौकोन पाठवतो आहे. पुठ्ठा ठेवला होता. या वेळी घरातली एकही वस्तू बरोबर आली नाही.

ठकू आता मी शिवत असलो की दारात उभी राहते. आत येत नाही. "तो टाका वाकडा आहे" एवढंच सांगायला येते आणि तो खरंच वाकडा असतो. परवा मात्र आत आली आणि विचारलं, "आजीने किती मार्क दिले?" चार म्हटल्यावर तिला माझी दया आली असावी, कारण गोधडी आणून माझ्यासमोर पसरली. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, या अटीवर. गोधडी तिला आता आखूड पडते, पाय बाहेर राहतात. तरी दुसरं काही अंगावर घेत नाही.

मी दुकानातली काच मापायची पट्टी घेऊन भोक मोजलं. नुसतं सांधून भागणार नाही, कापड विरलं आहे. ठिगळ लावावं लागेल. माझा एक राखाडी शर्ट मऊ झाला आहे, त्यातला तुकडा चालेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमचं नको. बाबाच्याच कपड्याचं हवं." फाडकन बोलली, पण मला राग आला नाही. बरोबरच आहे तिचं.

त्यांचे सगळे कपडे ठकूच्या आईने तुमच्याकडे दिले होते असं ती म्हणते. एखादा तळहाताएवढा तुकडा मिळेल का? नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.

धंद्याची सवय म्हणून एक लिहितो, राग मानू नका. तुमचं अक्षर पत्रागणिक मोठं होतं आहे आणि ओळी खाली उतरतात. जवळचा नंबर वाढला असावा.

चष्मेवाला

२० एप्रिल

चष्मेवाले,

दहापैकी सात. कोपरे अजून बोथट आहेत.

शर्ट पाठवते आहे. निळ्या चौकडीचाच आहे, मोठेपणचा. पाठीचा भाग वापरा. कॉलर आणि खिसा तसाच ठेवून उरलेला शर्ट मला परत पाठवा. याहून जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

माझा चष्मा उत्तम आहे.

बाई

२८ एप्रिल

आदरणीय बाई,

शर्ट मिळाला. तुमचे उपकार कसे मानू ते सुचत नाही. ठकूने पार्सल माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ मांडीवर ठेवून बसली. मग माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "नीट करा."

नीटच करतो आहे. पहिला नियम पाळला. मशीनला हातही लावला नाही. गार पाण्यात, सौम्य साबणाने, मी स्वतः हाताने धुतला. पिळला नाही, नुसता निथळू दिला. सावलीत वाळत घातला आहे. घडीत अडकलेली धूळ आणि तो कपाटाचा कोंदट वास सगळा निघून गेला. चौकडी कशी नव्यासारखी उठून दिसते आहे. उद्या उलट्या बाजूने इस्त्री करतो आणि कात्री लावतो. या वेळी आठ तरी द्याल अशी आशा आहे.

चष्मेवाला

२४ मे

आदरणीय बाई,

तुमचं उत्तर नाही, आणि ते का नाही हे मला आता माहीत आहे.

मी मागचं पत्र टाकून घरी आलो तेव्हा ठकूची आई दोरीवरच्या शर्टाकडे बघत खाली जमिनीवर बसली होती. तिने सांगितलं. दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांनी अंगातून काढलेला हा शेवटचा शर्ट. तुम्ही तो कधीच धुतला नव्हता. तुम्ही कपाट उघडून तो जवळ घेता, हे तिला ठाऊक होतं. पार्सल आलं तेव्हा ती कामावर होती, नाहीतर मला थांबवलं असतं.

मी काय धुऊन टाकलं ते मला कळलं आहे. कोंदट वास असं मी लिहिलं होतं. ते आठवलं की हातातलं काम बाजूला ठेवून बसतो. दुकानात एका गिऱ्हाइकाला उलट काच बसवून दिली. क्षमा मागून भागणार नाही, तरी मागतो.

शर्टाला कात्री लावलेली नाही. घडी करून ठेवला आहे. ठकू रोज विचारते, ठिगळ कधी. मी सांगतो, आजीचं पत्र आलं की. पिना तशाच आहेत, गालावरचे ओरखडेही. तुम्ही म्हणाल तर शर्ट उद्याच परत पाठवतो, आणि ठकूला काय सांगायचं ते मी बघेन. तुमच्याकडून काही घ्यायचा हक्क मला राहिलेला नाही.

चष्मेवाला

६ जून

चष्मेवाले,

तुमचं धुतल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुमच्यावर इतकी चिडले की तुमचे दोन्ही चौकोन उचलून केराच्या डब्यात टाकले. शेजारीण विचारायला आली तर तिच्यावरही खेकसले. आपला मुलगा दुसऱ्यांदा गेला असं वाटलं. हे लिहिते आहे कारण तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहायला हवं.

मग सवयीने एक दिवस कपाट उघडलं. फळी रिकामी होती. तरी तिथे नाक नेलं, आणि तोच वास आला. अगदी तोच. शर्ट तुमच्या दोरीवर आणि वास माझ्या कपाटात. फळीच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या होत्या. दर वर्षी मीच टाकते, शर्टाला कसर लागू नये म्हणून.

इतकी वर्षं मी डांबरगोळ्यांना माझा मुलगा म्हणत होते. आधी हसू आलं. मग तिथेच कपाटाला धरून रडले, गोधडीसाठी रडले त्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्याचा वास केव्हाच गेला होता आणि मला कळलंही नव्हतं. तुम्ही धुतलात ते कपाटच होतं.

नियम माझाच होता. अपवाद आहे हे मी सांगायला हवं होतं. पण ते लिहायला बसले असते तर पार्सल बांधताच आलं नसतं, म्हणून गप्प राहिले.

आता कात्री लावा. भोकाहून बोटभर मोठा तुकडा घ्या. चौकडीच्या रेघा खालच्या रेघांशी जुळवा, चारही कडा आत दुमडा, टाचण्या लावा आणि मग शिवा. पिना ठकूलाच काढू द्या. तिने लावल्या आहेत, तिचा मान. कॉलर आणि खिसा परत पाठवायची गरज नाही, ठकूपाशी राहू दे.

आणि गुडघा माझा ठणठणीत आहे. रोज बाजारात चालत जाते. त्या घरात आता कोण म्हणून यायचं, तेवढं मला कळत नाही.

तुमचे चौकोन मी डब्यातून परत काढले आहेत. धुतले.

बाई

२ जुलै

आदरणीय बाई,

झालं. कसं झालं ते सगळं सांगतो, आणि शेवटी एक परवानगी मागतो.

रविवारी दुपारी ठकूने मला तिच्या पलंगावर बसवलं. अट अशी, की गोधडीचं एक टोक शेवटपर्यंत तिच्या हातात राहणार. पिना तिने माझ्या बारीक चिमट्याने एकेक काढल्या आणि काडेपेटीत ठेवल्या. ठिगळ मी ठेवलं, रेघा तिने जुळवल्या. तिची नजर माझ्याहून तेज आहे. मग मी गोधडी मांडीवर घेऊन शिवायला लागलो. पुठ्ठा टेबलावर राहिला होता, दिसत होता. पण उठलो तर ती गोधडी ओढून घेईल आणि पुन्हा देणार नाही, या भीतीने उठलोच नाही.

शिवताना ती बोलत होती. बाबाला चौकडीच का आवडायची, ते तुम्ही फोनवर सांगितलं होतं म्हणे, ते तिने मला सांगितलं. पहिल्यांदाच तिने आपणहून मला बाबाविषयी काही सांगितलं. मी मान वर केली नाही. खरं तर वर करण्यासारखी स्थिती नव्हती, समोरचं काही दिसत नव्हतं.

शेवटची गाठ मारली, दोरा तोडला आणि उठलो. गोधडी माझ्याबरोबर उठली. माझ्या राखाडी शर्टाचा खालचा घेर मी अस्तराला शिवून टाकला होता, चांगला तळहाताएवढा. ठकूने एकदा माझ्याकडे, एकदा गोधडीकडे पाहिलं आणि हसायला लागली. इतकी हसली की तिची आई हातातलं टाकून धावत आली. मी तसाच उभा, पुढे गोधडी लोंबते आहे. मग तिची आईही हसली, आणि त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. गोधडी फाटल्यापासून हे घडलं नव्हतं.

मी उसवायला कात्री घेतली तर ठकूने हात धरला. "उसवलं तर बाबाचं ठिगळ पण सुटेल. शर्ट कापा." मी म्हटलं, अगं, माझा तुकडा राहील त्यात, तुला नको होता ना? तर म्हणाली, "ते वरच्या बाजूला नको म्हटलं होतं. ही आतली बाजू आहे." आणि तिनेच माझा शर्ट कापला. त्या रात्री ती गोधडी घेऊन झोपली. सकाळी गालावर काही नव्हतं.

बाई, गोधडी तुमची, तुमच्या मुलाच्या कपड्यांची. तिला आतून माझा तुकडा लागला आहे. तुम्हाला तो नको असेल तर मी सगळं उसवून पुन्हा शिवेन. पुठ्ठा ठेवून. ठकूला समजावणं कठीण जाईल, पण तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

तुम्ही कोण म्हणून यायचं, याचं उत्तर मला येत नाही. मी या घरात कोण म्हणून राहतो, तेही मला ठाऊक नाही. ठकू चष्मेवाले म्हणून हाक मारते आणि मी ओ देतो. तेवढ्यावर चाललं आहे.

तुमचा विद्यार्थी

८ जुलै

चष्मेवाले,

पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं, कारण माझ्या उत्तम चष्म्याने ते वाचता येईना. ती मध्येच रडायला लागली, म्हणून उरलेलं तुमच्यासारखंच भिंग लावून मी वाचलं.

उसवू नका.

पण कापलेल्या कडा तुम्ही नक्कीच तशाच सोडल्या असणार. तसं चालत नाही. पहिल्याच धुण्यात त्यांचे दोरे निघतील आणि तुकडा सुटेल. चारही बाजूंनी दुमडून घ्यायच्या आणि तिथे बारीक टाके घालायचे, तुम्ही पहिल्या चौकोनाला घातले होतेत तसे. ते टाके तिथे शोभतील. आतली बाजू अंगाला लागते, ती पक्की हवी.

दहापैकी नऊ. राहिलेला एक समोर बसून शिवून दाखवाल तेव्हा. पुढच्या शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. निमित्त डोळे तपासायचं आहे, कुणी विचारलं तर तेच सांगा. ठकूच्या आईला म्हणावं, या खेपेला पाणी घेईन, आणि चार दिवस राहीन.

तुमचा तो कापलेला शर्ट फेकला नसेल तर धुऊन ठेवा. पोरीचे पाय बाहेर राहतात म्हणालात. गोधडीला पायाकडे एक पट्टी जोडू, त्या शर्टाची. वरच्या बाजूने. ठकूला मी फोनवर विचारलं आहे, ती मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हो म्हणाली.

बाई